गांजानं तोंड सुकतं

हे मी आत्ता-आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात हात जोडून मनातल्या मनातही नाही. आठ वर्षं झाली. तुम्ही माझे कोण, मला ठाऊक नाही. पण ओळखीच्या माणसाला असलं काही सांगायला गेलं की तो अर्ध्यातच म्हणतो, जाऊ द्या हो, होतं माणसाकडून. मला ते ऐकायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. मध्ये बोलू नका.

आर्णीच्या बाहेर, फाट्यावर माझं कृषी केंद्र होतं. होतं म्हणतो, कारण आता शटर पाडलं आहे. ते पुढे येईल. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. आमच्या धंद्यात त्याला औषधच म्हणतात, विष कुणी म्हणत नाही. मी रसायनशास्त्रातला बी.एस्सी. दुकान टाकायच्या आधी चार वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवलं. नोकरी काही कायम झाली नाही, पण 'सर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. कपाशीचं पान लाल पडलं की ते खिशात घालून लोक सरांकडे. म्हैस फुगली, सरांकडे. माणूस भोवळ येऊन पडला, तरी दवाखान्याच्या आधी सरांकडे, कारण फाटा वाटेतच पडतो. मला हे आवडायचं. कबूल करायलाच बसलो आहे तर हेही करतो — फार आवडायचं.

आणि मी गांजावर व्याख्यान द्यायचो. हसू नका. शाळा सुरू झाल्या की व्यसनमुक्तीचे कार्यक्रम लागतात. त्यात आर्णी, महागाव, पार केळापूरपर्यंत मला बोलावणं यायचं. इतर वक्ते पोरांना नरकाची भीती घालायचे. मी खडू घ्यायचो. पोरांना सांगायचो की गांजाच्या हिरव्या झाडात नशा जवळजवळ नसतेच. तिथे ती आम्लाच्या रूपात झोपलेली असते. आच लागली की त्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग तो जागा होतो. म्हणून चिलीम पेटवावी लागते, म्हणून शिवरात्रीची भांग आधी शिजवतात, भाजतात. पाण्यात हा रेणू विरघळत नाही, तुपात आणि दुधाच्या सायीत विरघळतो. आपल्या बापजाद्यांनी प्रयोगशाळा न बघता हे ओळखलं होतं. शरीरातही तो चरबीत जाऊन बसतो, आठवडेच्या आठवडे हलत नाही, घरजावयासारखा. इथे पोरं हसायची.

मग शरीराचं. धुरातून गेला तर काही क्षणांतच मेंदूत पोचतो, पोटातून गेला तर तास-दोन तास लावतो. मेंदूत त्याच्यासाठी आधीच कुलपं बसवलेली आहेत, कारण तसलीच एक किल्ली आपलं शरीर स्वतः घडवतं. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलंय ते आपल्या 'आनंद' या शब्दावरून. गांजाची किल्ली त्या कुलपात बसते आणि वेळ लांबते, भूक खवळते, आत्ता काय बोललो ते आठवत नाही. काहींना भीती धरते. छाती धडधडते. डोळ्यांतल्या नसा फुगून डोळे लाल होतात. लाळेच्या ग्रंथी मंदावतात, तोंड सुकतं. जीभ टाळ्याला चिकटते. हे वाक्य मी दर वर्षी म्हणायचो, आणि जीभ टाळ्याला लावून दाखवायचो.

माझं झालं की सुदामभाऊ उठायचा. दोन काठ्यांवर. गुडघे उंच उचलून, पावलं फटफट आपटत माइकपर्यंत जायचा. एवढं चालणंच पुरे व्हायचं, मुलं गप्प होत. मग तो म्हणायचा, "पोट्टेहो, माह्याकडं पाहा. गांजानं माहे पाय नेले."

आणि मी बाजूला खुर्चीवर बसून मान हलवायचो.

सुदाम कोण ते सांगतो. फाट्यापासून दोन कोसांवरच्या गावचा. शेत नाही, फवारणीचा रोजंदार. पाठीवर पंप घेऊन दिवसाला वीस-पंचवीस पंप मारणारा गडी, आणि भजनी मंडळात ढोलक वाजवणारा. सोमवारी महादेवाच्या देवळामागे मंडळाची चिलीम फिरायची, त्यात तोही असायचा. तेवढंच असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण आमच्याकडच्या काही फवारणीवाल्यांची एक समजूत आहे — पंप उचलायच्या आधी दोन दम मारले की औषधाचा वास डोक्यात जात नाही. सुदामची होती. हे मला माहीत होतं. मी रसायनशास्त्राचा माणूस. हा खुळचटपणा आहे, वास न येणं आणि विष न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गिऱ्हाईक होता का तो? नव्हता. औषध शेतमालक घ्यायचा. त्याच्याशी काय बोलायचं?

ते बोंडअळीचं वर्ष. अळी लागणार नाही म्हणून जे बियाणं आम्ही विकलं त्याच्याच बोंडात अळी निघाली. कपाशी त्या साली माणसाच्या खांद्याला लागली होती. खाली मारायचं औषध तोंडासमोर मारावं लागत होतं. बोंड फोडलं की आत गुलाबी किडा, आणि माणसं रडवेली होऊन काउंटरवर — सर, काही तरी जबर द्या. मी दिलं. लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात जहाल, एक बाटली आणि पिवळ्या त्रिकोणाची, तिच्या खालोखालची, दुसरी, दोन्ही एकाच पंपात, मात्रा दीडपट. बाटलीवरच्या कागदात हे मिश्रण कुठेही लिहिलेलं नाही. माझं स्वतःचं. लोक त्याला 'सरांचा घोटा' म्हणायचे आणि मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा ऐकायचो. हातमोजे? तोंडाला फडकं? विचारलं तर सांगायचो, न विचारता नाही.

त्याच महिन्यात आसपास फवारणी करणारी माणसं आजारी पडायला लागली. कृषी खात्याची माणसं दुकानं तपासत फिरत होती. दोन दुकानांचे परवाने गेले होते.

आता तो दिवस. इथवर येताना मी किती वळसे घेतले, माझ्याही लक्षात आलं आहे.

ऐन दुपारी शेतमालकाची मोटारसायकल दुकानासमोर थांबली. मध्ये सुदाम, मागून त्याला कवेत धरून त्याची बायको, कांता. दोघा-तिघांनी त्याला उतरवून माझ्या ओट्यावर खताच्या पोत्यांना टेकवलं. मालक म्हणाला, हा सकाळी चिलीम पिऊन आला होता, आता असा करून राह्यला. सुदाम स्वतःही बरळत होता, "जास्त झाली सर, जास्त झाली." कांताने मात्र माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "सर, फवारनीचं तं नाही ना हे? आठ दिवसापासून मारून राह्यले. दवाखान्यात नेऊ का?"

त्या ओट्यावर शाळेची पायरी न चढलेली ती एकटीच असेल, आणि नेमका प्रश्न तिनेच विचारला.

मी खाली बसलो. सुदामची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली. गांजानं ती अशी होत नाही. तोंडातून लाळ गळत होती, कांताचा पदर पुसून पुसून ओला झाला होता. डोळ्यांतून पाणी, सदरा घामानं चिंब, पोटरीचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. नाडी मंद. गांजा सुकवतो, हे विष पाझरवतं. नस स्नायूला निरोप देते, निरोप पोचला की एक एन्झाइम तो पुसून टाकतं. लाल त्रिकोणाच्या बाटलीतलं सेंद्रिय फॉस्फेट त्या एन्झाइमलाच जखडून टाकतं, मग निरोप पुसलाच जात नाही — ग्रंथी पाझरतच राहतात, स्नायू उडतच राहतात, आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात. गांजानं सहसा श्वास थांबत नाही. यानं थांबतो. हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकातलं पान कुठल्या बाजूला होतं तेही आठवलं. मला शंका आली होती असं मी म्हणणार नाही. मला खात्री होती.

आणि मी म्हणालो, "गांजाच आहे, कांताबाई. घरी न्या. उतरेल."

का? मोटारसायकलच्या हँडलला पिशवी लटकत होती, तीत माझ्या दोन बाटल्या होत्या. बिलावर माझी सही होती. दवाखान्यात पहिला प्रश्न येणार — काय मारलं होतं, कुणी दिलं? बस्. एवढंच कारण. याच्या मागे आणखी खोल काही नाही, मी पुष्कळ शोधून पाहिलं.

अजून एक सांगायचं आहे, आणि हे मला सगळ्यात जड जातं. ते निघाले तेव्हा मी मागून ओरडून सांगितलं — घरी गेल्याबरोबर कपडे काढा, साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत दोनदा आंघोळ घाला, नखंसुद्धा घासा, आणि ते कपडे दुसऱ्या कपड्यांत धुऊ नका. गांजा उतरवायला साबणाची आंघोळ कोण सांगतं? ती अंगावरचं विष धुवायला असते. म्हणजे एकाच तोंडानं मी खोटं सांगत होतो आणि त्याच तोंडानं खऱ्या आजाराचा अर्धा उपचारही सांगत होतो. कांताने सांगितलं तसं केलं. विहिरीवर नेऊन घासघासून धुतलं त्याला. तो दोन दिवस गळून पडून राहिला आणि वाचला. तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि माझ्या पायाला हात लावून गेली. सरांनी आंघोळ सांगितली म्हणून वाचला — हे गावभर झालं.

मी सुटलो असं मला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीन आठवड्यांनी सुदामच्या पोटऱ्यांत वांब यायला, गोळे चढायला लागले. मग चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्याला कळायचंही नाही. मग पावलंच उचलेनात. या जातीच्या विषाचं असं असतं, माणूस बरा झाला म्हणेपर्यंत लांबच्या नसा सुकत जातात. मी वाचलं होतं. माझ्याच गाडीत घालून त्याला यवतमाळला नेलं. लोक म्हणाले, सर म्हणजे देवमाणूस. मी का गेलो होतो? डॉक्टर काय विचारतात ते माझ्यासमोर विचारलं जावं म्हणून.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते. सुदामला तपासणीसाठी आत नेलेलं, कांता चिठ्ठी काढायला रांगेत. त्यांनी मला विचारलं, महिन्या-दोन महिन्यांत याने फवारणी केली आहे का? कधी चक्कर, लाळ, उलटी?

मी म्हणालो, "नाही साहेब. यंदा त्याने पंप धरला नाही. गांजा ओढतो, तो मात्र भारी."

पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो असं कुणी म्हणू शकेल. पण हे मी शांतपणे बोललो. गाडी चालवताना वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि पुढचा रुग्ण बोलावला. पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेला असता तर पाय वाचले असते का? मला माहीत नाही. कुणालाच आता ते कळणार नाही, आणि ते मी केलं.

सुदाम परत आला तो दुसरा माणूस होऊन. पाय आपल्याच हातानं घालवले असं त्याने धरलं. चिलीम देवळामागच्या दगडावर फोडली, मंडळाशी भांडला, ढोलक विकली. बोटं बरी होती त्याची, वाजवू शकला असता. पण म्हणायचा, त्या पंगतीत पुन्हा बसलो तर पुन्हा ओढीन. मुख्याध्यापकांनी त्याला शाळेत बोलायला बोलावलं, आणि शास्त्रीय माहिती द्यायला मला. नाही कसं म्हणणार? तिथून आमची जोडी जमली. मी त्याला गाडीत घ्यायचो, स्टेजवर हात द्यायचो. एका ठिकाणी तर दोघांचा एकच शाल-नारळ केला, नारळ त्याला, शाल मला.

आणि कांता. ती मजुरीला जायची — निंदण, वेचणी, मिळेल ते. आधी नवऱ्यासाठी भांडणारी बाई. नंतर भांडेनाशी झाली. बोलणं सोडलं नाही, पण जेवायला वाढताना ताट त्याच्या हातात देणं सोडलं. खाली ठेवायची आणि सरकवायची. मी स्वतः पाहिलं आहे, त्यांच्या ओट्यावर चहा पिताना. कुणी हळहळलं तर एवढंच म्हणायची, "त्याची चिलीम आन् त्याचे पाय. आमाले काय इचारलं होतं?" सहा वर्षं. मग काविळीनं गेली. दोन वर्षं होतील आता.

यंदा महागावच्या एका शाळेतून आम्ही परत येत होतो. सुदाम बाजूच्या सीटवर, काठ्या पायांत. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "सर, एक इचारू? तुमी दरसाल म्हनता, गांजानं तोंड सुकते. माह्यं तं त्या दिवशी गळत होतं. कांताचा पदर वला झाल्ता. असं काहून?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. सात वर्षं व्याख्यान मन लावून ऐकलेल्या विद्यार्थ्याची ती अडचण होती. मी वर्गात असतो तर अशा पोराला शाबासकी दिली असती. आणि मी काय केलं? गिअर बदलला आणि म्हणालो, प्रत्येकाची प्रकृती निराळी असते, सुदामभाऊ. तो म्हणाला, "हौ, ते बी खरं हाय." आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

तिसऱ्यांदा. आणि या वेळी कसली भीती होती? परवान्याची चौकशी केव्हाच थंडावलेली. कुणी मला विचारत नव्हतं. मी नुसता सवयीनं खोटं बोललो होतो. त्याला घरी सोडून मी फाट्यावर आलो, दुकान उघडलं, एक गिऱ्हाईक केलं आणि दुकान बंद केलं. ते पुन्हा उघडलेलं नाही.

मग जे करायचं ते मी क्रमानं केलं. कृषी कार्यालयात लेखी दिलं. मिश्रण कोणतं, मात्रा किती, कुणाकुणाला विकलं, सुदामला ओट्यावर काय झालेलं होतं आणि मी काय म्हणालो, सगळं. परवाना सोबत जोडला. यवतमाळच्या त्या डॉक्टरांचा पत्ता काढून त्यांना पत्र पाठवलं की तुमच्या कागदावरची माहिती खोटी आहे, ती मी दिली. बायकोला सांगितलं.  तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आधी त्याच्याकडे जा. पुढच्या आठवड्यात इथल्याच शाळेत आमचा कार्यक्रम ठरलेला आहे. तो मी रद्द केलेला नाही. खडू घेऊन उभा राहीन आणि गांजाचं जे खरं आहे तेवढंच गांजाच्या नावावर मांडीन, बाकीचं माझ्या. सुदामभाऊ येवो न येवो.

रविवारी मी त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर बसून तूर निवडत होता. मला बघून सूप बाजूला करायला लागला, मी म्हटलं राहू द्या. उभ्यानंच सांगितलं. बाहुली, लाळ, बाटल्या, साबण, डॉक्टर, गाडीतलं उत्तर. काही गाळलं नाही. माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर त्याला काही तरी म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंही ओझं मला त्याच्यावर टाकायचं नव्हतं.

त्याने शिवी दिली नाही. सुपातले खडे वेचत राहिला; मग वेचायचा थांबला. आपल्या पावलांकडे बघितलं, जणू दुसऱ्याची आहेत.

"म्हंजे चिलमीनं नाही गेले?"

मी म्हटलं, "नाही."

"कांतानं तुमाले त्याच दिवशी इचारलं होतं ना? फवारनीचं हाय का म्हनून?"

"हो."

 तो दाराकडे, आत, चुलीच्या बाजूला बघत म्हणाला, "ते मले अखेरलोक गांजेडीच समजत गेली, सर. आता तिले कोन सांगन?"